तिसऱ्या खांबावरच्या लाल पट्ट्या

माझ्या थोरल्या बहिणीला बघायला आलेल्या मुलाला आमच्या वडिलांनी विचारलं, "काय करता आपण?"

"पूल उचलतो," मुलगा म्हणाला.

वडील कोर्टात कारकून. दिवसभर लोकांच्या थापा ऐकून कान किटलेले. त्यात धाकटी मुलगी, म्हणजे मी, नाटकात तोंडाला रंग फासून फिरत होते. घरात आणखी एक सोंग त्यांना परवडणारं नव्हतं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "असं? किती उचलता?"

"तीन सूत. फार तर चार."

वडील क्षणभर त्याच्याकडे बघत राहिले आणि मग असे हसले, असे हसले, की आई आतून धावत बाहेर आली. तो मात्र हसला नाही. आपलं काय चुकलं ते त्याला कळेना. तो गेल्यावर वडील म्हणाले, "पूल उचलणारा माणूस चार सुतांना चार सूतच म्हणतो. द्या मुलगी."

तेच माझे दाजी. पुढची एक्केचाळीस वर्षं मी त्यांना चिडवत आले, त्यांच्याकडून चिडवून घेत आले, आणि शेवटची दोन-अडीच वर्षं त्यांच्या खालच्या मजल्यावर राहिले. ते जाऊन आता वर्ष होत आलं. रंगमंचावर मी राण्या केल्या, खाष्ट सासवा केल्या, टाळ्या घेतल्या. पण ज्याच्या कामाला कुणीही कधी टाळी वाजवली नाही अशा एका माणसाबद्दल लिहायचं राहून जाऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दाराखालून कागद सरकवायला लागते तेवढी फट. दाजींचं सगळं आयुष्य त्या फटीत गेलं.

आपल्याला वाटतं, पूल खांबांवर उभा असतो. दाजी म्हणायचे, "नाही मेहुणीबाई. पूल उशीवर निजलेला असतो." खांबाचं डोकं आणि वरचा गर्डर यांच्यामध्ये एक बेअरिंग असतं. जाड पुस्तकाएवढं, पोलादाचं, मध्ये रबराचे थर. उन्हाने पूल लांबतो, थंडीने आखडतो, वरून ट्रक गेला की अंग हलवतो. ते हलणं ती उशी सोसते. तीस-चाळीस वर्षांत ती झिजते. रबर चिरतं, लोखंड गंजून अडकतं. मग पूल हलायचा तर हलतोच, पण उशी ऐकत नाही म्हणून खांबाचं डोकं फोडतो. ती वेळ येण्याआधी गर्डरखाली जॅक लावायचे, अख्खा गाळा, म्हणजे दोन खांबांमधला पुलाचा भाग, चार सूत उचलायचा, जुनी उशी ओढून काढायची, नवी सारायची आणि पूल पुन्हा हळूच टेकवायचा. हे करणाऱ्या टोळीचे दाजी मिस्त्री होते. वरून जाणाऱ्याला पत्ता लागत नसे. "पत्ता लागला तर काम बिघडलं समजायचं," ते म्हणायचे. माझ्या धंद्याच्या हे अगदी उलट होतं.

मी एकदाच ते काम पाहिलं. ताई डबा घेऊन निघाली होती, तिच्याबरोबर मीही गेले. नदीच्या पात्रात लोखंडी पाइपांचा मचाण, त्याला शिडीसारखा जिना. वर खांबाच्या डोक्यावर जेमतेम गुडघाभर उंचीची जागा आणि तिच्यात पालथी पडलेली पाच माणसं. चौघांच्या हातात चार जॅकांचे पंप. पाचवे दाजी. आणि त्या चौघांमध्ये सगळ्यात बिचारा दिसत होता तो दाजींचा जोडीदार. सहा फूट दोन इंच. त्याला सगळे लांब्या म्हणत. एवढा माणूस त्या फटीत कसा मावत होता देव जाणे.

"वहिनी," तो पालथ्यानेच ताईला म्हणाला, "मिस्त्रींना सांगा, माझ्यासाठी जरा उंच पूल घेत जा म्हणावं."

"तुझे पाय कापून घे, ते स्वस्त पडेल," दाजी म्हणाले. आणि मग एकदम त्यांचा आवाज बदलला. "घे…"

चार पंप एकदम खाली गेले.

"थांब… पत्रा."

चार हातांनी गर्डरखाली पोलादाचा एकेक पातळ पत्रा सारला. जॅक तेलावर चालतो. तेल कधी दगा देईल सांगता येत नाही, म्हणून पूल जेवढा वर जाईल तेवढा पत्रा खाली गेलाच पाहिजे. "घे… थांब… पत्रा." एकाचा पंप अर्धा दाब पुढे गेला तर गर्डर पिळतो. सगळी मदार त्या आवाजावर. मी खाली वाळूत उभी राहून ऐकत होते. आम्ही शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायला वर्षानुवर्षं रियाज करतो. हा माणूस ओरडत नव्हता, साधं बोलत होता, आणि नदीच्या खळखळाटातून प्रत्येक शब्द सुटा येत होता.

पूल वर आला तेव्हा मी न राहवून टाळ्या वाजवल्या.

"मेहुणीबाई!" वरून दाजी ओरडले. "हे थेटर नाही. दचकून कुणाचा हात सुटला तर खालच्या रांगेत तुम्हीच आहात!"

त्या दिवशी या टोळीच्या दोन रीती मला कळल्या. त्या इथेच सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे घडलं.

पहिली रीत अशी. नवी उशी कारखान्यातून येते तेव्हा तिची वरची आणि खालची पाटी वाटेत सरकू नये म्हणून लाल रंगाच्या लोखंडी पट्ट्यांनी बोल्ट लावून जखडलेली असते. पूल टेकला की त्या पट्ट्या काढायच्या. नाही काढल्या तर उशी असून नसल्यासारखी, हलूच शकत नाही. या पट्ट्या काढायचा मान मिस्त्रीचा. ज्याने पूल उचलायची हाक दिली, त्यानेच स्वतःच्या हाताने पट्ट्या काढायच्या. दुसऱ्या कुणी पान्याला हात लावायचा नाही.

दुसरी रीत. पूल नव्या उशीवर टेकत असताना मिस्त्री तिच्यावर तळहात ठेवून बसतो. भार बसताना आत बारीक कुरकुर होते, ती हाताला कळते. त्या वेळी त्याला हाक मारायची नाही. मग अर्धा तास जावो की आभाळ कोसळो.

निवृत्तीला चार महिने उरले असताना दाजींच्या हाती मोठ्या नदीवरचा जुना पूल आला. नऊ गाळे. तिसऱ्या खांबावरचा गाळा दुपारी टेकला. दाजींचा हात उशीवर होता. खिशातला फोन वाजला, तो त्यांनी दुसऱ्या हाताने कानाला लावला. घरून त्यांची मुलगी, माझी भाची, बोलत होती. आई स्वयंपाकघरात कोसळली होती. डॉक्टर येत होते. "बाबा, लवकर या."

दाजी पोचले तेव्हा ताईला जाऊन दहा मिनिटं झाली होती.

भाचीने दारातच विचारलं, "इतका वेळ का लागला?"

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, गाडी मिळाली नाही, रस्ता तुंबला होता. पण हा चार सुतांना चार सूत म्हणणारा माणूस. "लांब्याला काम नेमून देत होतो," ते म्हणाले. "पट्ट्या काढायच्या राहिल्या होत्या. पाचच मिनिटं थांबलो."

भाचीने त्यांच्याकडे पाहिलं. मी तिच्या मागेच उभी होते. तिचा चेहरा मला दिसला नाही, दाजींचा दिसला.

"आईपेक्षा पूल," ती म्हणाली. एवढंच.

त्यानंतरही वडिलांच्या सेवेत तिने काही कमी केलं नाही. लग्न होऊन गावातच राहत होती. दर रविवारी येई, जिना चढून वर जाई, औषधं भरून ठेवी, चादरी धुवी. पण बोलणं कसं? "गोळी घेतली?" "घेतली." "डाव्या डोळ्यात थेंब?" "टाकला." उतरताना माझ्याकडे टेकायची.

"अगं, दोन शब्द बोल त्यांच्याशी," मी म्हणायची.

"काय बोलू मावशी? पूल कसा आहे विचारू?"

जीभ तिची आईसारखीच होती. फक्त ताई बोलून झाल्यावर हसायची.

दाजी काही दिवसांनी कामावर परत गेले. मचाण तोवर पुढच्या खांबावर गेला होता. तिसऱ्या खांबाचा कागद सहीला आला. जॅक काढले, होय. पत्रे काढले, होय. लाल पट्ट्या काढल्या, होय. दाजींनी सही केली. लांब्याला सांगितलं होतं, लांब्या विश्वासाचा, मग पुन्हा शिडी लावून बघायचं कशाला? मिस्त्री म्हणून एकतीस वर्षांत न बघता केलेली ती एकच सही. मग ते निवृत्त झाले आणि मी, संन्यास घेतलेली नटी, सामान उचलून त्यांच्या खालच्या खोल्यांत राहायला आले.

पुढच्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं माझ्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे बसने निघालो होतो. मोठ्या पुलाच्या अलीकडे कंडक्टरने सगळ्यांना उतरवलं. "पूल चालत ओलांडा. पलीकडे दुसरी बस उभी आहे. जड गाडीला बंदी."

"का हो?" मी विचारलं.

"पूल आजारी आहे, आजी."

दाजी चालायला लागले. थोडं पुढे गेल्यावर कठड्यावरून वाकले. तिसऱ्या खांबाच्या डोक्याला पोलादी पट्टा आवळायचं काम चाललं होतं. डोकं दुखतं म्हणून फडकं बांधावं तसं. पट्ट्याच्या वर बोट जाईल एवढी तिरकी भेग दिसत होती.

"हे डोकं ठणठणीत होतं," दाजी म्हणाले. "मी स्वतः हातोडी मारून बघितलं होतं."

कठड्याशी एक कामगार पाणी पीत उभा होता. दाजींनी त्याला विचारलं.

"तुम्हाला माहीत नाही?" तो म्हणाला. "बेअरिंगच्या लाल पट्ट्या काढल्याच नव्हत्या. दोन उन्हाळे पूल रेटत राहिला, शेवटी डोकं फुटलं. तो उंच माणूस होता ना टोळीत, त्याने कबूल केलं. म्हणाला, मिस्त्री सांगून गेले होते, मीच विसरलो. हाकलला त्याला. सात महिने झाले."

आम्ही डॉक्टरकडे गेलोच नाही. परतीच्या बसमध्ये दाजी गुडघ्यावर हात ठेवून बसले होते.

"लांब्या विसरणार नाही," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, "लांब्या विसरणारा नव्हे."  मग अगदी हळू, "मेहुणीबाई, मी त्याला सांगितलं ना?"

"तुम्हीच तर म्हणालात, सांगितलं."

"मला आठवतं. शब्दन् शब्द आठवतो. लांब्या, पट्ट्या काढ, मी निघतो. पण तो काय म्हणाला ते आठवत नाही."

हे मला ओळखीचं होतं. ऐन भरात असताना एका प्रयोगात मी माझं वाक्य म्हणून समोरच्या नटाच्या उत्तराची वाट बघत उभी राहिले होते. तो माझ्या तोंडाकडे बघतोय, मी त्याच्या. पडद्यामागून तेच वाक्य मला तीनदा पुरवलं गेलं. मी मनात वैतागले, अरे, म्हटलं की मी! वाक्य माझ्या डोक्यात खणखणीत वाजलं होतं. ओठांबाहेर अक्षर आलं नव्हतं.

सांगू की नको? मी सांगितलं. आजही वाटतं, सांगितलं ते बरं केलं की वाईट.

दाजींनी पूर्ण ऐकून घेतलं. "मग त्याच्या घरी जाऊ," म्हणाले.

लांब्या एका गोदामाच्या मागे दोन खोल्यांत राहत होता. दार त्याच्या बायकोने उघडलं. दाजींना बघून तिने दार अर्धं पुन्हा लोटलं.

"आता काय राहिलंय न्यायचं?"

"वहिनी, मला आजच कळलं."

"कुणी येऊन सांगितलं तरच कळतं असं नाही, कधीतरी चौकशी केली तरी कळतं. वीस वर्षं तुमच्या शेजारी पालथा पडला हा माणूस. आता गोदामात गाड्या मोजतो. येणाऱ्या किती, जाणाऱ्या किती. एवढ्या उंच माणसाला ती पत्र्याची टपरी दिलीय, त्यात धड उभं राहता येत नाही."

"सवय आहे गं," आतून लांब्याचा आवाज आला. "येऊ दे मिस्त्रींना."

आम्ही बसलो. लांब्या खाली सतरंजीवर, गुडघे हनुवटीशी. पाणी झालं. दाजींनी उगाच वेळ काढला नाही.

"लांब्या, मी तुला पट्ट्या काढायला सांगितलं होतं?"

"झालं गेलं ते…"

"सांगितलं होतं का?"

लांब्याने बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "बोला की. सात महिने मला ऐकवताय ते त्यांना ऐकवा."

"नाही मिस्त्री," लांब्या म्हणाला. "तुम्ही काहीच बोलला नाहीत. फोन कानाला लावलात. मग फोन खिशात ठेवलात. हात उशीवर होताच. तो तसाच ठेवून बसलात. आम्हाला वाटलं, भार बसतोय, तुम्ही ऐकताय. म्हणून कुणी हाक मारली नाही."

"किती वेळ?"

"राहू द्या ना."

"किती वेळ, लांब्या?"

"वीसेक मिनिटं."

 दाजी जिथे बसले होते तिथेच बसून होते, पण मला ते एकदम लहान दिसायला लागले.

"मग मी बघितलं, तुमचे डोळे कुठेच नव्हते," लांब्या सांगत होता. "रीत मोडून हाक मारली. तुम्ही म्हणालात, बायको पडली. तुम्हाला दंडाला धरून खाली उतरवलं. आमच्या ट्रकमध्ये बसवून मीच घरापर्यंत आणलं. परत गेलो तोवर मचाणवाल्यांनी तिसऱ्या खांबाचं सगळं सोडलं होतं. पट्ट्यांचा विचार मनात आला नाही असं नाही. पण पट्ट्यांना हात लावायचा नसतो. वाटलं, परत आल्यावर तुम्हीच काढाल; मग तुमची सही झालेली दिसली, म्हटलं काढल्या असतील."

"मग कबूल कशाला केलंस?"

लांब्या खाली बघत म्हणाला, "वीस मिनिटं मी तुमच्यापासून दोन हातांवर पालथा होतो मिस्त्री. एक हाक मारली असती तर वहिनी भेटल्या असत्या तुम्हाला. चौकशी आली तेव्हा म्हटलं, निदान हे तरी तुमच्यापर्यंत जायला नको."

"आणि आमचं काय?" त्याची बायको म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. "यांच्या बायकोच्या मरणाची तुम्ही लाज राखलीत. आमच्या जगण्याची कुणी राखायची?"

"बरोबर आहे," दाजी म्हणाले. ते उठले. "उद्या जातो मी."

घरी येताना जिन्याच्या तळाशी ते थांबले. "मेहुणीबाई, पोरीला यातलं काही सांगायचं नाही."

"दाजी, तिला कळू दे की! पुलासाठी थांबला नव्हता तुम्ही. हातपाय गळाले होते तुमचे. ती समजून घेईल."

"तिच्या लेखी मी पाच मिनिटं कामाला दिली. कामाचा माणूस म्हणून तरी रागावलीय. वीस मिनिटं नुसता दगडासारखा बसून राहिलो, हे कसं सांगू? काम पण नाही आणि ती पण नाही." त्यांनी कठडा धरला. "शपथ घ्या."

मी घेतली. बायकांना गुपित पचत नाही म्हणतात. नाटकवाल्या बायकांना तर मुळीच नाही. मी पचवलं, आणि त्याचं मला भूषण वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यांच्याबरोबर मीही गेले. टेबलामागे तरुण इंजिनिअर बाई होती, समजूतदार वाटली. तिने सगळं ऐकलं.

"आजोबा, फाइल बंद झाली आहे."

"उघडा."

"त्या माणसाने स्वतः लिहून दिलंय."

"खोटं लिहून दिलंय. मी खरं लिहून देतो. त्याला मी सांगितलं नव्हतं. पट्ट्या मी काढल्या नाहीत. आणि न बघता काढल्या म्हणून सही केली, ती सही माझी आहे."

बाईने पेन खाली ठेवलं. "तुम्हाला कळतंय ना याचा अर्थ? एक सही न बघता केली असं तुम्ही लिहून दिलंत की बाकीच्या सह्यांवरही आम्हाला भरवसा ठेवता येत नाही. तुमच्या हातचे एकोणीस पूल आहेत. प्रत्येक बेअरिंग पुन्हा तपासावं लागेल. तुमच्या नावापुढे तसं लिहिलं जाईल."

मला वाटलं, आता हा माणूस कोसळणार. ती एकोणीस नावं त्यांना पाठ होती. रात्री झोप येईना झाली की ती म्हणत असत.

"तपासा," दाजी म्हणाले. "तपासायलाच हवेत. फक्त तपासायला लांब्याला घ्या. माझी चूक त्याच्याइतकी दुसऱ्या कुणाला दिसणार नाही."

कागद लिहायला त्यांना तासभर लागला. माझ्याकडे बघून एकदा म्हणाले, "विसरलो असं लिहू का?" मग स्वतःच मान हलवली आणि लिहिलं, "बघितलं नाही."

लांब्याला कामावर परत घ्यायला अडीच महिने गेले. आता त्यांच्याकडे यंत्रावर चालणारे जॅक आले होते. एक कळ दाबली की चारही एकदम उचलतात, हाक द्यायला माणूस लागत नाही. पण खांबाच्या डोक्यावर सरपटत जाऊन बेअरिंगखाली दिवा धरायला अजून माणूसच लागतो. लांब्या एकेक पूल तपासत गेला आणि प्रत्येक पूल झाला की संध्याकाळी येऊन सांगत गेला.

"रेल्वेवरचा झाला. चोवीस उशा. सगळ्या मोकळ्या."

"पुढचा?"

"शुक्रवारी कालव्यावरचा."

कधी एकदा तरी "वा" म्हणतील, हसतील, असं मला वाटे. प्रयोग रंगला की आपण नाही का सुखावत? ते नुसते "पुढचा?" म्हणत. एखाद्या आरोपीने साक्षीमागून साक्ष ऐकावी तसे. लांब्या जाताना खाली माझ्याकडे डोकवायचा. "मावशी, नवा कोरा पूल सुद्धा एवढा सरळ नसतो हो. कुठे अर्ध्या सुताचा फरक नाही. सांगितलं तर त्यांना ऐकूच येत नाही."

भाचीलाही हे येणंजाणं दिसत होतं. एका रविवारी तिने विचारलं, "हा माणूस सारखा कशाला येतो?"

"बाबांच्या जुन्या कामाचं बोलायला."

"म्हणजे पूलच," ती म्हणाली आणि चादर झटकायला लागली.

सतरावा पूल ठीक असल्याचं ऐकून दाजी झोपले ते थंडीतल्या एका सकाळी उठले नाहीत. मीच चहा घेऊन वर गेले होते. उशाशी कागद होता. त्यावर एकोणीस नावं, सतरांपुढे खूण. माझ्या आयुष्यात मी रंगमंचावर किती मरणांवर रडले असेन. त्या सकाळी मात्र एक टिपूस आला नाही. मी पेला खाली ठेवला आणि भाचीला फोन केला. माझा आवाज अगदी सरळ होता, एवढं आठवतं.

दोन महिन्यांनी लांब्या आला. दाजींची खोली आवरायला भाची आली होती, मी तिच्या मदतीला. तो दारात वाकून उभा राहिला, सवयीने, दार पुरेसं उंच असूनही.

"एकोणिसावा झाला," तो म्हणाला. "सगळ्या मोकळ्या. साहेबबाईंनी कागदावर लिहिलंय, की बाकीच्या कामात दोष नाही. म्हटलं कुणाला तरी सांगायला हवं."

भाचीने हातातला गठ्ठा खाली ठेवला. "कसला दोष?"

लांब्याने माझ्याकडे बघितलं. मी शपथ घेतलेली होती, त्याने नव्हती. मी मान खाली घातली, आणि त्याने सगळं सांगितलं. फोन, हात, वीस मिनिटं, कचेरीतला कागद. काही झाकलं नाही, काही वाढवून सांगितलं नाही.

ती पलंगाच्या कडेवर बसली.  मी हात पुढे केला, तो तिने घेतला नाही.

"मग घरी कसे आले ते?" तिने शेवटी विचारलं.

"मी आणलं. ट्रकमध्ये, माझ्या शेजारी बसवून."

"वाटेत काही बोलले?"

"एकच बोलत होते ताई. सबंध वाटभर. पोचतो ना रे, पोचतो ना. मी म्हणायचो, पोचतो मिस्त्री. की पुन्हा, पोचतो ना."

भाचीने मान वर केली. "पुन्हा सांगा," ती म्हणाली.

लांब्या आत आला, तिच्यासमोर जमिनीवर बसला, आणि त्याने पुन्हा सांगितलं.